स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं मेंदूदान: खेड्यातल्या घरापासून ब्रेन बँकेपर्यंतचे टप्पे

देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे मेंदूदानाचीही सोय झाली, ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते. देहदानात देह शरीररचनाशास्त्र विभागाकडे जातो. रक्तवाहिन्यांतून रसायन भरून तो टिकवतात आणि विद्यार्थी त्यावर शिकतात. ते काम मोलाचंच आहे, पण आईला अल्झायमर होता की आणखी काही, हे तिथं कोणी सूक्ष्मदर्शकाखाली बघत नाही. मेंदूदानासाठी मेंदू विकृतिशास्त्र विभागात, म्हणजे पॅथॉलॉजीत पोहोचावा लागतो, तोही काही तासांत आणि थंड राखलेला.

जिवंतपणी डॉक्टर लक्षणं, चाचण्या आणि एमआरआय यांवरून स्मृतिभ्रंशाचा प्रकार ठरवतात. खात्री मात्र मेंदूची ऊती तपासल्यावरच होते, कारण उतारवयात एकाच मेंदूत दोन-तीन आजार एकत्र असणं नेहमीचं आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मेंदू-मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत, १९९५ पासून ब्रेन बँक, म्हणजे दान केलेले मेंदू तपासून जपणारा विभाग आहे. विदर्भातल्या गावातून तिथवर मृतदेह न्यायचा नसतो. मेंदू जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढायचा, फॉर्मेलिन या रसायनात टिकवायचा आणि मग आधी ठरलेल्या बँकेकडे पाठवायचा, हा व्यवहार्य मार्ग. यातली ‘आधी ठरलेल्या’ ही गोष्ट राहून गेली की पुढचं सगळं अडतं.

पहिले सहा टप्पे घरच्यांसाठी, आशाताईंसाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी आहेत. सातवा आणि आठवा महाविद्यालयातल्या डॉक्टर-तंत्रज्ञांसाठी. नववा पुन्हा सगळ्यांसाठी.

## टप्पा १: हे दान होऊ शकतं का, ते आधी बघा

वयाची अडचण सहसा येत नाही. निदान कागदावर नसलं तरी चालतं. ज्यांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत होती, अशा म्हाताऱ्या माणसांचे मेंदूही संशोधनाला तितकेच हवे असतात, कारण तुलना त्यांच्याशीच करायची असते. त्यामुळे आजीला आजार होता आणि आजोबांना नव्हता, तर दोघांचाही विचार करा.

अडचण येते ती पुढच्या गोष्टींत:

- एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, उपचार सुरू असलेला क्षयरोग, कुत्रा चावल्यानंतरचा संशयास्पद आजार. लपवू नका. कवटी उघडणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.
- बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहून झालेला मृत्यू. अशा मेंदूची ऊती आधीच खराब झालेली असते.
- काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्यानं वाढलेला स्मृतिभ्रंश, सोबत अंगाला झटके. यात क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजाराची शंका घ्यावी लागते. त्यातला दोषी प्रथिनाचा कण फॉर्मेलिननं मरत नाही. हे काम नेहमीच्या शवागारात करायचं नाही. आधी ब्रेन बँकेशी बोला.
- पोलिस प्रकरण.

शेवटच्या मुद्द्यावर गावाकडे सर्वाधिक घोटाळा होतो. सर्पदंश, फवारणीतली विषबाधा, भाजणं, वीज पडणं, अपघात, घरातून भटकत निघून विहिरीत किंवा नाल्यात सापडणं, असा मृत्यू झाला की पोलिसांना कळवावंच लागतं आणि पुढचं शवविच्छेदन त्यांच्या कागदावर होतं. मेंदू मागायचा असेल तर ती विनंती न्यायवैद्यक विभागाकडे करावी लागते आणि निर्णय तपासाच्या गरजेवर अवलंबून राहतो.

सावधान: म्हातारी अंगणात पडली, खुबा मोडला आणि त्या अंथरुणातून उठलीच नाही, असा मृत्यूही अनैसर्गिक धरला जाऊ शकतो. पडल्याची घटना झाली असेल तर उपचाराचे कागद जपा आणि डॉक्टरांना विचारून ठेवा की उद्या दाखला कोणत्या प्रकारचा मिळेल.

## टप्पा २: महाविद्यालय ठरवा, माणसाच्या नावानिशी

नागपूरला मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय महाविद्यालयं आणि एम्स आहेत. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी. अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया इथंही वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण महाविद्यालय आहे म्हणजे मेंदू काढून द्यायची तयारी आहे, असं समजू नका. प्रत्यक्ष जा, विकृतिशास्त्र विभागप्रमुखांना भेटा आणि हे विचारा:

1. फक्त डोक्यापुरतं वैद्यकीय शवविच्छेदन, पोलिस प्रकरण नसताना, तुम्ही करता का?
2. रात्री, रविवारी, दिवाळीत मृत्यू झाला तर फोन कोणाला करायचा?
3. शवागारात ४ अंशांची जागा मिळेल का?
4. उणे ८० अंशांचा फ्रीझर आहे का? नसला तरी काम होतं, पण उत्तर आधी माहीत हवं.
5. कोणत्या ब्रेन बँकेशी तुमचं बोलणं झालं आहे, आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का?
6. शववाहिकेचा खर्च कोण करणार?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर विभागाला ब्रेन बँकेशी पत्रव्यवहार करायची विनंती करा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. बँकेनं होकार दिलेला नसताना काढलेला मेंदू बादलीत पडून राहतो.

तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयातही पोस्टमार्टेम होतात, पण ती बहुतेक पोलिसांच्या कागदावरची. तिथं मेंदू अखंड काढण्याचा सराव असेलच असं नाही. महाविद्यालयातले डॉक्टर तिथं यायला तयार असतील तरच तो पर्याय धरा.

अंतराचा हिशेब प्रामाणिकपणे करा. धारणीहून अमरावतीला घाट उतरून यावं लागतं. सिरोंचा किंवा भामरागडहून निघालात तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. अशा गावात जून ते सप्टेंबर काय करायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठेवा. पोहोचणं शक्यच नसेल तर तसं घरच्यांना आधी सांगून मोकळं करा. मयताच्या दिवशी त्यांना धावपळ करायला लावणं बरोबर नाही.

## टप्पा ३: संमती, आणि ती कोणाची

मृत्यूनंतर जवळच्या वारसाची लेखी संमती लागते. रुग्णानं आधी भरलेलं इच्छापत्र असलं तर फार आधार होतो, पण घरच्यांनी विरोध केला तर कोणतंही महाविद्यालय मेंदू काढत नाही. म्हणून खरं काम घरात बसून करायचं आहे.

आजाराच्या सुरुवातीला रुग्णाला समजत असतं. तेव्हाच विचारा, त्यांच्या बोलीत, दोन साक्षीदारांसमोर. सही येत नसेल तर अंगठा चालतो, अंगठ्याशेजारी साक्षीदारांच्या सह्या घ्या. आजार वाढल्यावर घेतलेल्या अंगठ्याला अर्थ नाही.

मग मुलगे, सुना आणि मुली, सगळ्यांना एकत्र बसवा. मुलींना हमखास विसरतात. त्या दुसऱ्या गावी असतात, मयताला पोहोचतात, आणि ‘माझ्या मायच्या डोक्याला हात लावू देणार नाही’ म्हणतात. त्यांचं चुकत नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. सांगताना या गोष्टी स्पष्ट बोला:

- चीर एका कानामागून डोक्यावरून दुसऱ्या कानामागं जाते. चेहऱ्यावर कुठंही टाका येत नाही.
- मेंदू काढल्यावर देह परत मिळतो. आंघोळ, तिरडी, दहन किंवा दफन, सगळं नेहमीप्रमाणे होतं. तेरवीची तारीख बदलत नाही.
- अंत्यविधीला काही तासांचा उशीर होईल, कधी दुसरा दिवस उजाडेल.
- या दानाचे पैसे कोणी देत नाही आणि कोणी मागायचेही नाहीत.
- पूर्ण देहदान करायचं असेल तर शरीररचनाशास्त्र विभागाला आधी विचारा. शवविच्छेदन झालेला देह ते बहुधा स्वीकारत नाहीत. दोन्हीतलं एक निवडावं लागेल.
- नेत्रदान मात्र सोबत करता येतं.

संमतीपत्रात तीन गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या आहेत का ते वाचा: निदानासाठी तपासणी, उरलेली ऊती संशोधनासाठी ठेवणं, आणि जनुकीय तपासणी. तिन्हींना हो म्हणायची सक्ती नसते. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून सांगायचा आग्रह धरा.

## टप्पा ४: वही लिहा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो, आणि तो वगळला की दानाची निम्मी किंमत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टरांना प्रथिनांचे गोळे आणि मेलेल्या पेशी दिसतात, पण त्या माणसाला काय होत होतं ते तिथं दिसत नाही. मेंदू आणि माहिती जोडली तरच संशोधनाला उपयोग.

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर जन्मवर्ष, शिक्षण किती इयत्ता, घरात कोणती भाषा (वऱ्हाडी, गोंडी, कोरकू, हिंदी), आयुष्यभराचं काम आणि उजवा हात की डावखुरे. मग पुढचं लिहा.

सुरुवात कशानं झाली. सगळ्यात आधी काय बिघडलं, ते नेमकं: नावं विसरणं, वाट चुकणं, स्वभाव बदलणं, की नसलेली माणसं दिसणं? क्रम महत्त्वाचा आहे. विसरणं आधी आणि वागणं नंतर बिघडलं, तर डॉक्टर अल्झायमरकडे आधी बघतात. वागणं किंवा बोलणं आधी बिघडलं तर फ्रंटोटेम्पोरल, म्हणजे कपाळामागचा आणि कानशिलाचा भाग झिजणाऱ्या प्रकाराकडे. दिवसा चढउतार, भिंतीवर मुलं किंवा जनावरं दिसणं, चाल मंदावणं, झोपेत ओरडून हातपाय झाडणं, यातून लेवी बॉडीचा, म्हणजे पेशींत प्रथिनांचे गोळे साचणाऱ्या प्रकाराचा संशय येतो. पायरी-पायरीनं, लकव्याच्या एकेका झटक्यानंतर खालावलं असेल तर रक्तवाहिन्यांचा दोष.

तारखा. बहुतेकांना तारीख आठवत नाही, सण आठवतो. ‘त्या वर्षी दुबार पेरणी झाली, तेव्हाच्या पोळ्याला बैलांना ओळखलं नाही’ असं लिहा आणि शेजारी वर्ष काढून ठेवा. पोळा, अखाडी, कापसाची पहिली वेचणी, घरातलं लग्न, यांच्या आधारे वर्ष बरोबर निघतं.

रोजचं काम. शाळा न शिकलेल्या बाईला ‘शंभरातून सात वजा करत जा’ विचारून काही कळत नाही. त्याऐवजी हे टिपा: आठवडी बाजारात शंभराची नोट दिली तर परतीचे पैसे मोजता येत होते का, आणि कधीपासून येईनात? भाजीत मीठ दोनदा पडायला कधी लागलं? लुगडं स्वतः नेसायचं कधी सुटलं? वावराचा धुरा ओळखता येत होता का? चूल पेटती ठेवून उठून जाणं कधी सुरू झालं? दर तीन महिन्यांनी हेच प्रश्न पुन्हा, तारखेसह.

बाकीचे आजार आणि सवयी. बीपी, साखर, लकवा, मिरगी, सिकलसेल, डोक्याला मार, खर्रा-तंबाखू, दारू, किती वर्षं फवारणी केली. भावंडांत, आईबापांत कोणाला असंच झालं होतं का आणि कितव्या वर्षी.

औषधं. नाव लिहिण्यापेक्षा पाकिटाचा फोटो काढा आणि रिकामं पाकीट वहीत चिकटवा. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन किंवा झोपेची-शांत करायची औषधं सुरू-बंद झाल्याच्या तारखा हव्यात.

रिपोर्ट. एमआरआयची किंवा सीटीची फिल्म आणि सीडी दोन्ही, बी१२, थायरॉइड, एचआयव्ही, हिपॅटायटिसचे निकाल. फिल्म पलंगाखाली गुंडाळून ठेवू नका, उन्हाळ्यात चिकटतात.

इथं तपासा: बी१२ आणि थायरॉइडची तपासणी झालेलीच नसेल, तर मेंदूदानाचं नंतर बघा, आधी ती करून घ्या. ही कमतरता भरून निघू शकते. डोक्यात साचलेलं रक्त किंवा फितकृमीची गाठही स्मृतिभ्रंशासारखी दिसते आणि तिच्यावर उपचार आहेत.

## टप्पा ५: प्रकृती खालावली की सामान जमवा

गिळणं कमी झालं, छातीत वारंवार कफ साचू लागला, अंथरुणाला खिळले, की एका पिशवीत हे ठेवा आणि पिशवी कुठं आहे ते घरातल्या तिघांना दाखवा:

- संमतीपत्र, इच्छापत्र, वारसाच्या आणि रुग्णाच्या आधारच्या प्रती
- वही, फिल्म, सीडी
- जाड कागदावर मोठ्या अक्षरात चार फोन: पॅथॉलॉजी, शवागार, शववाहिका, नेत्रपेढी
- मजबूत प्लास्टिकच्या दहा-बारा पिशव्या, रबरबँड, दोन टॉवेल, कापूस
- गावात किंवा तालुक्याला बर्फ आणि शवपेटी कोणाकडे मिळते, त्याचं नाव

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना या काळात एकदा तरी रुग्ण दाखवा. घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४ए, शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले तेच डॉक्टर देऊ शकतात. वर्षभर कोणत्याही डॉक्टरनं पाहिलेलं नसेल तर दाखला अडतो, आणि दाखल्याशिवाय महाविद्यालय देहाला हात लावत नाही.

## टप्पा ६: मृत्यूनंतरचे तास

क्रम बदलू नका.

१. वेळ लिहा. मृत्यू कोणी पाहिला नसेल तर ‘शेवटचं जिवंत कधी पाहिलं’ आणि ‘मृत कधी आढळले’ या दोन्ही वेळा.

२. पॅथॉलॉजीला फोन. सोयऱ्यांना फोन करण्याआधी. तिथून होकार आला की लगेच शववाहिकेला. १०८ ची गाडी जिवंत रुग्णांसाठी आहे, तिच्यात वेळ घालवू नका.

३. डोकं थंड करा. कवटीच्या आत मेंदू हळू गार होतो. सबंध देह शवपेटीत ठेवला तरी मेंदूपर्यंत थंडी पोहोचायला बरेच तास लागतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, टिनाच्या घरात त्याहून जास्त. बर्फाची लादी फोडून चुरा पिशव्यांत भरा, तोंड घट्ट बांधा, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना, टाळूवर, डोक्याखाली लावा. मध्ये टॉवेलचा एक थर. पाणी झालं की पिशवी बदला. कपाळावर एक छोटी पिशवी चालते, डोळ्यांवर नको.

सावधान: बर्फात मीठ घालू नका, कोरडा बर्फ डोक्याला लावू नका, शवपेटीचा काटा शून्याच्या खाली नेऊ नका. मेंदू गार हवा, गोठलेला नको. सावकाश गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. अशी ऊती मग नीट तपासता येत नाही.

४. नेत्रदान ठरलं असेल तर नेत्रपेढीला फोन. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोकं उशीवर थोडं उंच. नेत्रपटल ६ तासांच्या आत काढावं लागतं. नेत्रपेढीची माणसं पोहोचायला वेळ लागणार असेल तर त्यांना थेट शवागारात बोलवा.

५. डॉक्टरांचा दाखला घ्या. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत नोंदणीसाठी लागेल. नोंदणीला २१ दिवसांची मुदत आहे, तिथं आज धावायचं कारण नाही.

६. निघा. आंघोळ, हळद-कुंकू थोडक्यात करायचं तर हरकत नाही, सविस्तर विधी परतल्यावर. दागिने घरीच काढून घ्या. नाकात कापूस चालतो. देह टिकवण्याचं रसायन मात्र कोणालाही भरू देऊ नका, खासगी रुग्णालयानं आपणहून सुचवलं तरी.

मृत्यूपासून ६ तासांत देह ४ अंशांत आणि २४ तासांत मेंदू बाहेर, हे लक्ष्य ठेवा. त्याहून उशीर झाला तर आपणच ठरवून परत फिरू नका, फोन करून विचारा. प्रथिनं आणि आरएनए यांवरच्या संशोधनाला लवकर मिळालेली ऊती लागते. निदान मात्र नीट थंड राखलेल्या मेंदूत उशिरानंही होऊ शकतं.

इथं तपासा: शवागाराच्या दारात या चार गोष्टींच्या वेळा कागदावर असाव्यात: मृत्यू, बर्फ लावला, गाडी निघाली, शवागारात ठेवलं. शेवटच्या दिवसांत खूप ताप होता का, श्वासाची घरघर किती तास चालली, हेही लिहा. दीर्घ काळ ऑक्सिजन कमी पडला की मेंदूतली आम्लता वाढते आणि संशोधकाला ते कळावं लागतं.

## टप्पा ७: मेंदू काढताना (महाविद्यालयातल्यांसाठी)

नाव, संमती आणि संसर्गाचे निकाल पडताळल्याशिवाय चीर नाही. करवतीनं हाडाचा भुसा उडतो, म्हणून एन-९५ मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

चीर कानामागून केसांतून घ्या. कवटी कापताना दोन्ही बाजूंना खाच ठेवा, नाहीतर टोपी नंतर सरकते आणि कपाळावर पायरी दिसते. घरच्यांचा विश्वास त्या एका रेघेनं तुटतो. करवत हाडापुरतीच, शेवटचा पापुद्रा छिन्नीनं उचला.

मेंदूच्या पोकळीतलं पाणी घ्यायचं असेल तर मेंदू हलवण्याआधी, स्वच्छ सुईनं, १० ते १५ मिली. ते पॉलिप्रोपिलीनच्या नळीतच घ्या, काचेला आणि पॉलिस्टायरीनला अमायलॉइड चिकटतं. रक्त मिसळलं तर तसं लिहा.

घाईत दोन गोष्टी नेहमी बिघडतात. पहिली, गंधाचे कंद कवटीच्या तळाशी चिकटून मागं राहतात. स्कॅल्पेलच्या मुठीनं ते अलगद सोडवून घ्या, लेवी बॉडीच्या तपासणीत ते लागतात. दुसरी, मेंदूचा देठ अर्धवट ओढून तुटतो. टेंटोरियम दोन्ही बाजूंनी पूर्ण कापा, मज्जारज्जू शक्य तितका खाली छेदा आणि मगच मेंदू हातावर घ्या. सबस्टॅन्शिया नायग्रा मध्यमेंदूत आणि लोकस सेरुलियस पॉन्समध्ये आहे. देठ फाटला की पार्किन्सन आणि लेवी बॉडीचं निदान अडखळतं.

ताजं वजन करा. प्रौढ मेंदू साधारण १२०० ते १४०० ग्रॅमचा, स्त्रियांत थोडा कमी, पुढच्या अवस्थेतल्या अल्झायमरमध्ये बराच कमी भरू शकतो. वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी, मोजपट्टी ठेवून फोटो.

देह परत देताना कवटीत कोरडा कापूस घट्ट भरा, टोपी खाचेत बसवा, कानशिलाचे स्नायू शिवा, मग त्वचेला जवळजवळ टाके. केस धुऊन पुसा. तिरडीवर डोक्याखालच्या कापडाला डाग लागला, तर त्या गावातून पुढचा मेंदू मिळत नाही. घरच्यांच्या ताब्यात देण्याआधी वरिष्ठानं स्वतः डोकं बघावं.

## टप्पा ८: फॉर्मेलिन, गोठवणं, पाठवणं

उणे ८० चा फ्रीझर असेल तर मेंदू मध्यरेषेवर दोन भागांत कापा. एक अर्धा फॉर्मेलिनमध्ये. दुसऱ्याचे १ सेंमी जाडीचे काप करून आधीच गार केलेल्या धातूच्या पत्र्यांमध्ये झटपट गोठवा आणि प्रत्येक काप वेगळ्या पिशवीत, जागेच्या नावासह. फ्रीझर नसेल तर अर्धा मेंदू उणे २० ला ठेवायचा मोह टाळा. तिथं तो सावकाश गोठतो आणि ना निदानाला उरतो, ना संशोधनाला. सबंध मेंदू फॉर्मेलिनमध्ये घाला, पूर्ण निदान त्यातून होतं. जनुकीय तपासणीला संमती असेल तर डीएनएसाठी लहान मेंदूचा १ सेंमीचा तुकडा मात्र उणे २० ला चालतो.

१० टक्के बफर्ड फॉर्मेलिन, १ लीटरसाठी:

- बाजारातलं ४० टक्के फॉर्मल्डिहाइड १०० मिली
- शुद्ध पाणी ९०० मिली
- सोडियम फॉस्फेट मोनोबेसिक (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम
- सोडियम फॉस्फेट डायबेसिक (निर्जल) ६.५ ग्रॅम

मेंदूच्या आकारमानाच्या दहापट द्रव हवा, म्हणजे सबंध मेंदूला १३ ते १५ लीटर. २० लीटरची झाकणाची बादली घ्या. मेंदू तळाला टेकला की चपटा होतो, म्हणून खालच्या बाजूच्या बेसिलर धमनीखालून दोरा घालून तो बादलीच्या काठांना बांधा आणि तरंगता उलटा टांगा. दुसऱ्या दिवशी द्रव बदला, मग आठवड्यानं. दोन ते तीन आठवडे पुरतात.

फॉर्मेलिन आत शिरायला वेळ लागतो. उन्हाळ्यात खोली तापलेली असेल तर ते मधोमध पोहोचण्याआधीच तिथं जिवाणू वाढतात, वायू धरतो, आणि कापल्यावर आत भोकंच भोकं दिसतात. पहिले दोन दिवस बादली थंड खोलीत ठेवली तर हे बरंच टळतं. उलट बाजूनं, वर्षभर फॉर्मेलिनमध्ये विसरलेल्या मेंदूवर प्रतिपिंडांचे रंग नीट चढत नाहीत.

इथं तपासा: क्रमांक बादलीवर लिहिला आहे ना? झाकणावर लिहाल तर झाकणं बदलतात. आत टाकायच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा, शाई विरघळते.

पाठवताना मेंदू फॉर्मेलिननं ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, दोन सीलबंद पिशव्या, भोवती शोषक कापूस, बाहेर कडक डबा. भरलेली बादली साध्या पार्सलनं पाठवायची नाही. गोठलेले काप कोरड्या बर्फात जातात. त्या डब्याला वायू निघायला वाट ठेवा, हवाबंद केला तर तो फुटतो. बँकेत माणूस हजर आहे याची खात्री करून सोमवार-मंगळवारी पाठवा, शनिवारी नको. वहीची छायाप्रत नाव झाकून, त्याच क्रमांकासह सोबत द्या. मूळ वही घरच्यांची आहे, त्यांना परत करा.

## टप्पा ९: निदान आणि रिपोर्ट

टिकवलेल्या मेंदूचे उभे काप करतात आणि ठरावीक जागांचे तुकडे घेतात: कपाळामागचा, कानशिलाचा, माथ्याचा आणि मागचा भाग, हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एंटोरायनल भाग, अमिग्डला, तळाची केंद्रकं, थॅलॅमस, मध्यमेंदू, पॉन्स, मेडुला, लहान मेंदू. त्यांचे काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढून बीटा अमायलॉइड, टाऊ, अल्फा-सिन्युक्लिन आणि टीडीपी-४३ ही प्रथिनं दाखवणारे रंग देतात.

अल्झायमरचा निकाल तीन गुणांत येतो. ए म्हणजे अमायलॉइड मेंदूत किती दूर पसरलं, बी म्हणजे टाऊच्या गुंत्याची पायरी, सी म्हणजे टाऊनं वेढलेल्या गाठींची दाटी. प्रत्येक ० ते ३. तिन्ही मिळून ‘नाही, कमी, मध्यम, जास्त’ असं ठरतं. मध्यम किंवा जास्त असेल तर जिवंतपणीच्या स्मृतिभ्रंशाचं पुरेसं कारण सापडलं असं मानतात. ‘कमी’ आलं तर दुसरं कारण शोधावं लागतं: लेवी बॉडी, टीडीपी-४३, बारीक रक्तवाहिन्यांचे जुने घाव. इथं ती वही पुन्हा लागते, कारण कोणता घाव कोणत्या लक्षणाला जबाबदार, हे तिच्याशिवाय जुळत नाही.

रिपोर्टला महिने लागतात. तेरवीपर्यंत निकाल येईल असं कोणी घरच्यांना सांगू नये. बँक आपणहून घरी रिपोर्ट पाठवतेच असंही नाही. संमतीपत्रावर ‘निदान कुटुंबाला कळवावे’ असं लिहून त्यापुढे फोन आणि पत्ता घाला, आणि सहा महिन्यांनी विभागात विचारा. रिपोर्ट हातात देऊन भागत नाही. डॉक्टरांनी कुटुंबाला बसवून मराठीत सांगायचा असतो.

सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: हे आम्हालाही होईल का? उतारवयात सुरू झालेला स्मृतिभ्रंश बहुधा एकाच जनुकातून मुलांकडे सरळ उतरत नाही, धोका काहीसा वाढतो इतकंच. मात्र ६५ च्या आत सुरुवात झाली असेल आणि घराण्यात दोन-तीन जणांना तसंच झालं असेल, तर जनुकीय सल्ला घ्या. त्या सल्ल्याआधी कोणाचीही रक्ततपासणी करून घेऊ नका, लहान मुलांची तर नाहीच. आणि रिपोर्टचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तो गावभर फिरतो, अर्धवट वाचला जातो आणि नातीची सोयरीक जुळवताना कोणीतरी पुढे काढतो. एक प्रत घरी ठेवा, आणि एक रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना द्या, म्हणजे त्यांनी तेव्हा केलेलं निदान बरोबर होतं का ते त्यांना पडताळता येईल.